शेटचं दप्तर आणि हेडफोनमधलं माप

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा माणूस आहे मी. नोकरीच तशी होती! खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर मी टेक्निशियन होतो. त्या अवाढव्य अँटेना आकाशातले बारीकसारीक सिग्नल पकडतात, आणि आपल्याकडचा एखादा टीव्हीचा बिघडलेला बूस्टर त्यात खरखर मिसळून देतो. ती खरखर कुठून येते ते हुडकायचं, हे माझं काम. जीप, हातातली अँटेना, रिसीव्हर, कानाला हेडफोन. अँटेना फिरवायची, आवाज सगळ्यात मोठा येईल त्या दिशेला नकाशावर रेघ ओढायची. मग दुसऱ्या जागेवरून तेच. रेघा एकमेकींना छेदतात तिथं जाऊन बघितलं की वेल्डिंगचं मशिन, पंपाचा स्टार्टर... काहीतरी सापडतंच. आवाज आहे म्हणजे मशिन आहे, एवढंच माझं शास्त्र.

तर ही गोष्ट दोन हजार तीन-चार सालच्या उन्हाळ्यातली. घोडेगावच्या बाजूने खरखर येतेय म्हणून मी आणि ड्रायव्हर शंकर तिकडं गेलो होतो. जेवायला थांबलो कुसुममावशीकडं. ही माझ्या बायकोची मावशी, घोडेगावात एकटी राहायची.

मावशीचं माहेर म्हणजे धरणात गेलेल्या जुन्या आंबेगावातलं शेट घराणं. धान्याचा मोठा व्यापार, पैसा रग्गड, आणि हातही सढळ. धर्मशाळा बांधली, विहिरी खोदल्या, दवाखाना काढला, दुष्काळात अख्ख्या खोऱ्याला धान्य वाटलं. या सगळ्याचे तीन पिढ्यांचे कागद लाल कापडाच्या गाठोड्यांत बांधून ठेवलेले असत. त्याला घरात ‘दप्तर’ म्हणायचे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा सामान हलवायचं काम मावशीच्या गळ्यात पडलं. शेवटचा ट्रक भरला, मावशी निघाली, घोडेगावात सामान उतरवून बघते तर दप्तर नाही! हमालांना वाटलं ते मावशीच्या हातात आहे, मावशीला वाटलं ट्रकमध्ये आहे. परत धावत गेली तर घराचा ओटा पाण्यात.

तिचा धाकटा भाऊ, आण्णामामा, पुण्यात असतो. त्या दिवशी तो सगळ्यांसमोर तिला म्हणाला, “ताई, आजोबांना तू बुडवलंस.” झालं. तेव्हापासून बोलणं बंद. राखी पोस्टाने जायची, उत्तर यायचं नाही. मावशी एरवी खमकी बाई, चारचौघांना गप्प करणारी. पण दप्तराचा विषय निघाला की तिचं तोंड एवढंसं व्हायचं... मला बघवायचं नाही ते.

जेवणानंतर मी तिच्या गच्चीवर उपकरणं मांडली. ऊन मी म्हणत होतं. हेडफोन लावले, अँटेना फिरवली, आणि कानात माणूस बोलला.

“लाभ... दोन... तीन...”

मला हसू आलं. धान्य मापताना आपल्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. म्हटलं, कुठलं तरी रेडिओचं स्टेशन घुसलंय. पण त्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ येतच नाही हो! मी हेडफोन शंकरला दिले.

“कोनतरी बाजरी मापतंय की राव,” शंकर म्हणाला. “माप वतल्याचाबी आवाज येतोय.”

“काय ऐकताय रे दोघं?” मावशी ताकाचे पेले घेऊन वर आली होती. मी गमतीने हेडफोन तिच्या कानांना लावले. ती आधी हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे भरून आले.

“जावईबापू, हे बाबांचं माप आहे.”

“मावशी, काहीही काय!”

“थांबा. आता ते काय म्हणतात ऐका.”

मी एका कानाला हेडफोन धरला. मोजणी संपली. मग तोच म्हातारा आवाज, अगदी मायेने – “...आणि हे धर्माचं.”

मापं भरून झाली की वर एक ओंजळ फुकट घालायची आणि हे म्हणायचं, ही तिच्या वडिलांचीच रीत होती. दुसऱ्या कुठल्या दुकानात मी तरी ऐकली नाही. आणि वडील तर धरणाच्याही आधी गेलेले. खरं सांगतो, मला भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या रिसीव्हरमध्ये माझ्या परवानगीशिवाय हे काय चाललंय? म्हटलं, असशील तो अस, तुला हुडकून काढतो.

मावशी जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली सुद्धा. नको म्हणायची सोय नव्हती.

गच्चीवरची एक रेघ होतीच. पुढं रस्त्यावर थांबून दुसरी ओढली, शिनोलीच्या अलीकडून तिसरी. तिन्ही रेघा शिनोलीच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर मिळाल्या. आवाज वाढत वाढत इतका स्वच्छ झाला की दाणे पडताना ऐकू येत होते. एका घराच्या अंगणात जीप थांबली आणि आवाज बंद. कट! नुसती सळसळ.

घरात मशिन सोडा, विजेची तारसुद्धा आलेली नव्हती. दारात एक म्हातारी नाचणी पाखडत बसलेली. हौसाबाई तिचं नाव. डोंगरातलं कुटुंब, धरणात जमीन गेल्यावर इथं येऊन वसलेलं.

“कोन पावणं?” तिने विचारलं. मावशीने माहेरचं नाव सांगितलं. म्हातारी सूप टाकून उठलीच.

“शेटची लेक! आगं बया! आन् देवाला भेटाया इतक्या वर्सांनी आली व्हय?”

“कुठला देव?”

“तुमचाच की! आत ये.”

आत भिंतीला उंच फळी. फळीवर लाल कापडाची गाठोडी ओळीने मांडलेली, हळदीकुंकवाने माखलेली, पुढं नारळ. घरभर वेखंडाचा वास. मावशी दाराच्या चौकटीला धरून खालीच बसली.

“लक्ष्मीपूजनाला शेटच्या घरी आमी समदी परसादाला जायाचो,” हौसाबाई सांगत होती. “तवा ह्याचीच पूजा व्हायाची. पानी चढलं त्या दिशी बगितलं, तर देव वट्यावरच! आमच्या मालकांनी डोक्यावर घेतला. देव कोन पान्यात सोडतं व्हय?”

“कधी उघडून नाही बघितलं?” मी विचारलं.

“शेटचा देव आमी कसा उगडायचा?”

मावशी उठली आणि तिने हौसाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. शेट घराण्यातली बाई! हौसाबाई “आगं, आगं” करत मागं सरकायला लागली. मग मावशीने एक गाठ सोडली. वाळवी नाही, ओल नाही. मोडीतली अक्षरं काल लिहिल्यासारखी काळी. मी न राहवून म्हणालो, “आजी, हा देव नाही, कागद आहेत.”

म्हातारीने मला पार झाडून काढलं. “कागद तर कागद! इतकी वर्सं नारळ फोडला, आमाला गुन आला. तुला आला का?”



न्यायचं म्हटल्यावर मात्र ती अडून बसली. मावशीने हट्ट केला नाही. पुण्यातल्या एका इतिहासाच्या संस्थेला हे कागद धरणाच्या आधीपासून जतन करायला हवे होते, तेवढं समजावून सांगितलं. कापडं आणि पूजेचा मान तुमच्याच घरी राहील म्हणाली. हौसाबाईने मान डोलावली. “पर देव आसा मुक्याने जायाचा न्हाई,” ती म्हणाली. “वाजवत न्यायाचा.”

संध्याकाळी मावशीने घोडेगावच्या एसटीडी बूथवरून आधी संस्थेला आणि मग भावाला फोन लावला. मी शेजारी उभा होतो. ती एवढंच म्हणाली, “आण्णा, दप्तर कोरडं आहे.” पलीकडून मोठा माणूस रडतो तसा आवाज आला.

सकाळी आण्णामामा पहिल्या एसटीने हजर. संस्थेची गाडीही बाजारात येऊन उभी. आणि शिनोलीच्या रस्त्याने सनई-संबळ वाजवत अख्खी वस्ती खाली आली! पुढं हौसाबाई, मागं गाठोडी. संस्थेचे साहेब पावतीपुस्तक हातात धरून बघतच राहिले. आण्णामामाने पायांतले बूट काढले, एक गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बहिणीपुढं येऊन म्हणाला, “ताई, पुढं हो. तू आणलंस, तू पुढं.” दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले होते. मावशी भर बाजारातून मान ताठ करून चालली, आणि मीसुद्धा, संबळाच्या तालावर हातवारे करत... हो, मी!

आता राहिला प्रश्न आवाजाचा. मी त्या घरापाशी पुन्हा जाऊन सगळ्या फ्रिक्वेन्सी तपासल्या. ऑफिसात विचारलं, सगळ्यांनी खांदे उडवले. ज्या खरखरीसाठी आम्ही गेलो होतो ती एका बूस्टरची निघाली, तीही भलत्याच गावात. नोकरीत मी शेकडो आवाज हुडकले आणि प्रत्येकाखाली मशिनचं नाव लिहिलं. या एकाखाली काय लिहायचं ते मला आजही कळलेलं नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.