छत ठोकून पाहणारा खासदार

माझे वडील विणकर. आमच्याकडे घरचा पुरुष दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून डोळ्यांसमोर बसलेला असायचा. त्यामुळे कोळसा खाणीत काम करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मध्यस्थाला विचारलं, "पोरीले नवरा दिवसा दिसन तरी काय गा?" दिसले. पुढे तर टीव्हीवरही दिसले. आमचे हे दोनदा खासदार झाले, दिल्लीत राहून आले, आणि आता नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर भिवापूरच्या मिरच्या वाळत घालतात. त्याही ओळीत. वाकडी मिरची त्यांना चालत नाही.

लग्न झालं तेव्हा हे टोपल्यांनी कोळसा भरायचे. मग सरदाराच्या परीक्षेला बसायचं ठरलं. खाणीत एका पाळीच्या माणसांना सांभाळून नेणारा आणि सांभाळून आणणारा तो सरदार. ह्यांना वाचायचा कंटाळा, म्हणून पुस्तक मी मोठ्याने वाचायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. कधी कधी घोरायचेही. मला नापासाची पक्की खात्री होती, पण पास झाले. आजही मी सगळ्यांना सांगते की अर्धा सरदार मी आहे.

सरदाराचं पहिलं काम म्हणजे छत ठोकून पाहणं. पाळी आत शिरायच्या आधी तो एकटा पुढे जातो, एक तळवा छताला लावतो आणि दुसऱ्या हातातल्या काठीने ठोकतो. आवाज खणखणीत आला तर ठीक. पोकळ, ढब असा आला, तळव्याला थरथर लागली, तर आत कोणी जायचं नाही, मग वर साहेब कितीही ओरडो. ही सवय ह्यांच्या हाडीमासी इतकी खिळली की दिल्लीत बंगला मिळाला त्या दिवशी सामान उतरवायच्या आधी हे खुर्चीवर चढले आणि झाडूच्या दांड्याने बेडरूमचं छत ठोकू लागले. चौकीदार बघतच राहिला. संसदेचं छत उंच आहे म्हणून वाचलं.

लोकांना वाटतं हे भाषणांमुळे मोठे झाले. कसली भाषणं! सभेत उभे राहिले की तीन वाक्यांत आटपायचे. पण खाणीच्या कॉलनीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ह्यांच्या पाळीतला माणूस घरी येतो. तेवढ्यावर कामगारांनी ह्यांना संघटनेत पाठवलं, आणि संघटनेतून पुढे पक्षात. पहिल्या निवडणुकीत कॉलनीतल्या बाया सकाळी स्वतःच्या चुली आटपून आमच्याकडे भाकरी थापायला यायच्या आणि दुपारी उन्हात दारोदार फिरायच्या. त्यातल्या अर्ध्यांची मी नीट ओळखही ठेवली नव्हती. त्या बायांचे उपकार मी सात जन्म फेडू शकणार नाही.

तिसऱ्या निवडणुकीच्या वेळी मात्र तिकिटाचं काही ठरत नव्हतं. मला ते हवं होतं. साधेपणाचा आव कशाला आणू? दिल्लीतली थंडीची उन्हं मला आवडायची, बागेतली फुलं आवडायची, मी खोलीत गेले की लोक उठून उभे राहायचे तेही आवडायचं. तिकीट होतं पक्षाच्या एका मोठ्या नेत्याच्या हातात. ते नागपूरला आले, आणि आमच्या जुन्या खाणीतला बरेच दिवस बंद पडलेला एक भाग त्यांच्या हस्ते सुरू करायचं ठरलं.

तिथे काम होतं खांब काढायचं. कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब छताला आधार म्हणून ठेवतात. शेवटी तेही काढत काढत माणसं माघारी येतात. खाणीतलं सगळ्यात जोखमीचं काम ते हेच. नेत्यांना खाली उतरून नारळ फोडायचा होता, फोटो काढून घ्यायचे होते. मी वर मांडवात पेढ्यांची परात धरून बसले होते. सकाळी निघताना ह्यांना बजावलं होतं, "आज फक्त हसा. बाकी काही करू नका."

खाली काय झालं ते मला त्या पाळीच्या सरदाराने नंतर सांगितलं. ह्यांच्या हातात कोणीतरी नारळ दिला, नेत्यांना द्यायला. ह्यांनी तो शेजारच्याकडे सोपवला आणि विचारलं, "काठी कुठी हाय?" पांढऱ्या कडक इस्त्रीच्या कुर्त्यात पुढे गेले, तळवा वर लावला आणि ठोकू लागले. दोन जागी ठीक वाजलं. तिसऱ्या जागी ढब.

खाणीचे साहेब म्हणाले, "तपासणी झालेली आहे."

"झाली असन. मी नाही केली." मग नेत्यांकडे वळून म्हणाले, "इथं कोणी थांबायचं नाही. साहेब, तुमीबी वर चला."

नेते नारळ न फोडता वर आले. माझ्या परातीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

एवढ्या लोकांसमोर खासदार बोलला म्हटल्यावर साहेबांना पुन्हा तपासणं भाग पडलं. नवे टेकू लावायला अडीच महिने गेले. तोवर त्या पाळीला दुसऱ्या, लांबच्या खाणीत जावं लागलं, आणि ती माणसंही चिडली. भाजीबाजारात त्यांच्यातल्या एकाची बायको मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "खासदार झाला, पण खोड गेली नाही." छत मात्र पडलं नाही. टेकू लावायच्या आधी नाही, नंतरही नाही. तिकीट दुसऱ्याला मिळालं.

मी घर डोक्यावर घेतलं. "अहो, छत पडलंच नाही! कशापायी घालवलं तुम्ही सगळं?"

"नाही पडलं ना?" हे म्हणाले. "मंग बेस झालं. तू काहून चिडून राहिली वं?"

आठ दिवस मी ताट आपटून वाढलं. ह्यांनी मुकाट खाल्लं. मग दिल्लीचं सामान आलं, आणि ते लावण्यात भांडण राहून गेलं. पण मनातला सल गेला नाही. पडणाऱ्या छताने माणूस मोठा होतो, न पडणाऱ्या छतासाठी कोणी हार घालत नाही, हे मी कितीतरी जणांना तावातावाने ऐकवलं.

गेल्या वर्षी खाणीतला तो भाग संपला. शेवटचा खांब निघाला, तोंड बंद झालं. खाणीत जुनी रीत आहे. असं काम संपलं की अख्खी पाळी सरदाराच्या घरी जेवते, पण सुरुवातीला होती ती सगळी माणसं असतील तरच. एक जरी कमी असला तरी ते जेवण होत नाही. एका रविवारी दुपारी आमच्या दारात दोन टेम्पो थांबले. त्या पाळीचा सरदार उतरला आणि म्हणाला, "वहिनी, जेवण माह्या घरी नाही, इथं होईन. सगळ्याईनं ठरवलं."

न सांगता सवरता आले म्हणून मी आधी कुरकुरले, मग शेजारणींना हाका मारल्या. तीन घरांच्या कढयांत डाळीचे गोळे घातलेला गोळाभात शिजला. ताटं मोजायला घेतली तेव्हा सरदाराला विचारलं, "किती जण आहात?"

"एकतीस."

"आणि काम सुरू झालं तेव्हा?"

"एकतीसच, वहिनी."

अंगणात दोन पंगती बसल्या होत्या. भाजीबाजारातल्या त्या बाईचा नवराही होता, मिरची तिखट आहे म्हणून नाक पुसत होता. मी वाढत गेले. कोणाला भात, कोणाला वरून तेल. शेवटचं ताट ह्यांचं. तिथे हात थांबला आणि सगळ्यांदेखत डोळ्यांतून पाणी आलं.

"तुमचं तिकीट गेलं," मी म्हटलं, "ते लय बेस झालं."

हे वर बघून म्हणाले, "मले तं तवाच माहीत होतं. वाढ आता."