लेव्हलकाकांची कमर

फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रींना सगळे ‘लेव्हलकाका’ म्हणत. उभा जन्म ओणव्याने गेलेला. पण फरशी केसभर कलली तरी नुसत्या नजरेने ओळखणार. अशा माणसाची कमर एका सकाळी सिमेंटची गोणी उचलताना अशी धरली की धड एकीकडे, पाय एकीकडे. डाव्या पायात कळ पार घोट्यापर्यंत उतरायची.

मग काय, घरात जो तो वैद्य! मेहुणा म्हणाला, “हाडवाल्याकडे चला, एका कडाक्यात मोकळे व्हाल.” शेजारणीचा भरवसा मालिशवाल्यावर. सुनेने फिजिओथेरपीचं नाव काढलं, तर काका करवादले, “तिथे व्यायाम करायला लावतात म्हणे. अगं, त्याला आधी कमर तर हवी!”

मालिशवाल्याने असं काही तेल जिरवलं की काका तिथेच घोरू लागले. पण फाटकाशी येईतो कळ पुन्हा हजर. हाडवाला मात्र वेगळाच निघाला. त्याने पाय उचलून पाहिला, बोटांना स्पर्श कळतो का विचारलं आणि हात मागे घेतले. “पायात उतरलंय. मी हात लावणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.” दारात रांग असलेला माणूस आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतो, याचंच काकांना नवल वाटलं.

डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, आणि सून सांगत होती तिथेच धाडलं.

लहानशी खोली, एक उंच पलंग, भिंतभर आरसा. फिजिओथेरपिस्ट पोरगेलीशी. “काका, आरशासमोर उभे राहा बघू.”

काकांनी पाहिलं. खांदे एका अंगाला, कमर दुसऱ्या अंगाला. “अगं, मी असा चालतोय?”

“कधीची सांगतेय,” सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, “पण बायकोचं बोलणं तुमच्या लेव्हलला बसेल तर ना!”

त्या मुलीने आपला खांदा त्यांच्या बरगड्यांना टेकवला, कमरेला दोन्ही हातांचा वेढा घातला आणि हळूहळू ओढलं. सोडलं. पुन्हा ओढलं. कडाका नाही, झटका नाही. “कळ कुठवर आहे?”

“पोटरीत.”

मग पालथं झोपवून, हातांवर जोर देत छाती उचलायला लावली. “आता?”

“मांडीत… नाही, आणखी वर सरकली!”

“वर सरकतेय ना? चांगलं लक्षण आहे.”

उठून त्यांनी आरशात पाहिलं. समोर सरळ माणूस उभा होता. काकांनी पाठीवर हात फिरवला, दुसऱ्याच कुणाची असावी तसा, जपून. इतकी वर्षं हे सगळं आत मुकाट्याने ओझी वाहत होतं, आणि आपण त्याची कधी साधी विचारपूसही केली नाही! त्यांचे डोळे भरून आले.

“पोरी, काय जादू केलीस?”

“मी थोडं ढकललं, काका. बाकी तुमचे तुम्हीच सरळ झालात.”

दुसऱ्या दिवशी कमर पुन्हा कलली, पुन्हा सरळ झाली. असं बरेच दिवस चाललं. आता काका कामावर जातात, आणि अधूनमधून नव्या फरशीवर पालथे पडतात. परवा एका घरमालकीणबाईंनी ते पाहून किंकाळीच फोडली. काका पडल्या पडल्याच म्हणाले, “घाबरू नका बाई, जिवंत आहे. जरा पाठीची विचारपूस करतोय.”