तीन नंबरचा बावटा

समुद्राची खबर ठेवण्याचा आमच्या घराला काडीचाही अधिकार नव्हता. उज्जैनपासून समुद्र गाडीने एक रात्र लांब. बाबा माळव्यात जन्मले, आजोबा माळव्यात जन्मले, त्यांच्या आधीच्यांनीही कधी नर्मदा ओलांडली असेल तर लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. बाबांचं स्वतःचं जलज्ञान म्हणजे सोमवतीला क्षिप्रेच्या राम घाटावरची साखळी धरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, तांब्याने डोक्यावर पाणी ओतून घ्यायचं आणि घाईघाईने वर यायचं. तरीही ज्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आली, त्या वर्षी पाऊस सरता सरता हा माणूस रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायला लागला आणि अरबी समुद्राबद्दल बोलायला लागला.

कारण दादा जहाजावर लागला होता. म्हणजे तसं त्याने पत्रात लिहिलं होतं. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं बँकेच्या परीक्षांत आपटी खाऊन तो ज्येष्ठात मुंबईला गेला आणि महिन्याभरात त्याचं पत्र आलं: मालवाहू जहाजावर काम मिळालं, जहाज कांडल्यापासून कोचीनपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जा-ये करतं, मुंबईत थांबलं की पत्र टाकत जाईन. बाबांनी ते पत्र अख्ख्या मराठी समाजाला वाचून दाखवलं. गणपतीत, सत्यनारायणाला, एकदा तर कोणाच्या तरी बारशात. आमचा समाज म्हणजे बँक, रेल्वे आणि मास्तरकी. त्यात ज्यांची मुलं पुण्यात कॉम्प्युटर शिकत होती त्यांची मान त्या दिवसांत खाली येत नव्हती. आता त्यांच्या रांगेत बाबाही जाऊन बसले.

बाबा सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन होते. नाले आणि तलाव यांचे रंगीत नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी ऑफिसातून ट्रेसिंगचं कापड आणलं आणि काळ्या शाईत ओख्यापासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा काढला, एकेक खाडी बारकाईने. तो नकाशा देवघराशेजारी ठोकला आणि त्यावर लाल डोक्याची टाचणी टोचली. टाचणी म्हणजे दादाचं जहाज.

रोज संध्याकाळी मुंबईच्या स्टेशनवर मराठी बातम्या लागायच्या. आमच्याकडे त्या खरखरत यायच्या आणि मधूनमधून भलत्याच भाषेतलं गाणं घुसायचं. सगळ्यात शेवटी हवामान आणि त्यात कोळ्यांसाठी सूचना: वारा कुठून वाहतो, समुद्र कसा आहे, बंदरात बावटा चढवलाय की नाही. ते ऐकून बाबा नकाशावर पेन्सिलीने बाण काढायचे, तारीख घालायचे आणि बारीक अक्षरात शेरा लिहायचे. साधारण. खवळलेला. अति खवळलेला. जुने बाण खोडायचे नाहीत हा त्यांचा नियम होता. कोजागिरीपर्यंत त्या सुंदर किनाऱ्याला बाणांची खरूज झाली होती.

गल्लीला करमणूक झाली. देवास गेटचा पानवाला बाबांची सायकल दिसली की हाक मारायचा, "बाबूजी, आज समंदर के क्या हाल हैं?" बाबा सायकलवरून उतरायचे. उतरून, स्टँड लावून, वाऱ्याच्या दिशेसकट पूर्ण उत्तर द्यायचे. पानवाला चुना लावता लावता मान डोलवायचा आणि बाबांची पाठ वळली की गिऱ्हाइकांना डोळा मारायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यात एकदा आमच्या दूधवाल्याची सोयाबीन कापून शेतात पडली होती, तर बाबांनी त्याला सांगितलं की अरबी समुद्रात कमी दाब आहे, माल आजच उचल. त्याने उचलला आणि दुसऱ्या दिवशी खरंच पाणी पडलं. हिंदी बातम्यांतही तेच सांगितलं होतं, पण ते कोण ऐकतो. त्यानंतर बाबांच्या रुबाबाबद्दल विचारूच नका.

मला या सगळ्याचा संताप यायचा, कारण दादा जहाजावर नव्हताच.

श्रावणात माझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर त्याचं मला वेगळं पत्र आलं होतं. तो डोंबिवलीत चौघांबरोबर एका खोलीत राहत होता आणि गळ्यात टाय बांधून दारोदार पाणी शुद्ध करायची मशिनं विकत होता. जहाजाचं काम पक्कं झालं होतं हे खरं, पण शेवटच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला बाद केलं. त्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, असं निघालं. तोपर्यंत पहिलं पत्र घरी पोचलं होतं आणि बारशापर्यंत गेलं होतं. दिवाळीनंतर सांगतो, तोवर गप्प राहा, असं त्याने लिहिलं होतं. खाली घरमालकाच्या फोनचा नंबर होता.

मी गप्प राहिले. त्याच्यावरच्या प्रेमापोटी वगैरे नाही. दादा मला भेकड वाटला आणि बाबा भोळे, आणि भोळ्या माणसांचा मला त्या वयात मनापासून तिरस्कार होता. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि माझ्याखेरीज उज्जैनमध्ये कोणाला अक्कल आहे असं मला वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी बाबा रेडिओला चिकटले की मी पुस्तक तोंडासमोर धरायची आणि पुस्तकाआड हसायची.

दिवाळीला आठवडा राहिला असताना रेडिओवर वादळ आलं. आधी ते लक्षद्वीपजवळ होतं, मग वर सरकलं, मग रत्नागिरीच्या समोर येऊन थांबलं. बंदरांत धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला. कोळ्यांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी ताबडतोब परतावं. दादाच्या शेवटच्या पत्राप्रमाणे जहाज सोमवारी मुंबईहून कोचीनला निघालं होतं. बाबांनी पट्टी लावून अंतर मोजलं आणि टाचणी नेमकी रत्नागिरीसमोर आली. आई चकल्या पाडत होती, तिने सोऱ्या खाली ठेवला. दोन दिवस बाबा धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुट्टीचा अर्ज लिहिला आणि सांगितलं की संध्याकाळच्या गाडीने मुंबईला जातो, गोदीत जाऊन जहाजाची चौकशी करतो.

तेव्हा मात्र मी घाबरले. पानवाला हसला तर मला चालत होतं, मी स्वतः हसत होते. पण माझे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, गोदीच्या एकेका खिडकीवर जाऊन विचारणार की माझा मुलगा ज्या जहाजावर आहे ते कुठे आहे, आणि तिथले कारकून यादीत बोट फिरवून सांगणार की तुमचा मुलगा कोणत्याच जहाजावर नाही. ते मला सहन झालं नसतं.

मी कॉलेजच्या वाटेवर एसटीडी बूथवरून डोंबिवलीला फोन लावला. नशिबाने दादा अजून निघाला नव्हता. मी त्याला सांगितलं की आज दुपारी शेजारच्या वकीलसाहेबांकडे फोन कर, बाबांशी बोल, सुखरूप कोचीनला पोचलो म्हण, नाहीतर ते गाडीत बसतायत. त्याने विचारलं, असं झालं काय एवढं? मी म्हटलं, काही नाही, रेडिओ ऐकून काळजी करत बसलेत, नेहमीचंच.

वादळाचं मी त्याला सांगितलंच नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. जो समुद्रावर नाही त्याला समुद्राची बातमी कशाला द्यायची? मुंबईत त्या दिवसांत नुसतं ढगाळ होतं आणि दादा पेपर वाचणाऱ्यांतला कधीच नव्हता. मी मोठी हुशार. दोन महिने माझ्या कानांवर रोज तो किनारा पडत होता आणि त्यातला एक शब्दही मला कामाचा वाटला नाही.

दुपारी वकीलसाहेबांनी हाक मारली. बाबा जवळजवळ पळतच गेले, मी मागोमाग. लांबच्या फोनवर सगळे ओरडून बोलतात, तसे बाबा ओरडत होते आणि पलीकडून दादाही ओरडत होता, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. पोचलो, तब्येत ठीक आहे, जहाज दोन दिवस इथेच आहे. बाबांचा चेहरा उजळला.

"परवा रत्नागिरीच्या सामने होतास ना?"

"हो बाबा, सामनेच होतो."

"मग मौसम कसा होता?"

"एकदम मस्त," दादा म्हणाला. त्याला बाबांना धीर द्यायचा होता. "पाणी तर तलावासारखं. आम्ही वर बसून ताश खेळत होतो."

बाबांनी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, वेळेवर जेवतोस ना? तो हो म्हणाला. ठीक आहे, म्हणून त्यांनी फोन ठेवला. वकीलसाहेबांनी विचारलं, सब कुशल? बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "जी. समंदर बिल्कुल शांत है."

आमच्या अंगणात येऊन ते थांबले.

"कुठे आहे तो?"

मी म्हटलं, डोंबिवलीत.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"श्रावणापासून."

मग मी सगळं सांगितलं. टाय, मशिनं, डोळ्यांची तपासणी. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मी उलट उत्तर दिलं असतं, मला ते छान जमायचं. ते फक्त म्हणाले, "रंग दिसत नाहीत त्याला? चोवीस साल माझ्या घरात राहिला. मी रोज रंगाचं काम करतो. मला समजलं नाही." मग म्हणाले, "आईला मी सांगेन. दिवाळी होऊ दे." सुट्टीचा अर्ज त्यांनी फाडला.

संध्याकाळी रेडिओ लागला. वादळ कोकणासमोरच होतं, बावटा उतरला नव्हता. कोचीनचं नावही मुंबईच्या बातम्यांत नव्हतं, ते तिथे कधीच नसायचं. आई पुन्हा चकल्या पाडायला बसली होती. स्टोव्हच्या आवाजात तिने मोठ्याने विचारलं, कोचीनचं काय सांगतायत?

"शांत आहे तिकडे," बाबा म्हणाले.

मग ते उठले आणि नकाशापाशी गेले. टाचणी काढून त्यांनी कोचीनला टोचली. शेजारी पेन्सिलीने एक छोटा बाण काढला, तारीख घातली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: साधारण. कुठल्याही स्टेशनने न सांगितलेला, त्या नकाशावरचा पहिला खोटा बाण. वळले तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते, पुस्तक मांडीवर उघडं.

"आता हस," ते हळूच म्हणाले, आईला ऐकू जाणार नाही असं.