अनुराधाचा कॉर्सेटवरचा राग

लेकीला, ईशानीला, शाळेत कॉर्सेटवर प्रोजेक्ट मिळालं आणि इथे आखातात, आमच्या अल रीमच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या शेजारणीचं, अनुराधाचं, डोकंच फिरलं. पूर्वीच्या गोऱ्या बायकांना पट्ट्या घातलेल्या त्या पिंजऱ्यात मागून दोऱ्या ओढून कसं आवळत, कंबर बारीक दिसावी म्हणून बरगड्या कशा कापून काढत, हे ती लिफ्टमध्येसुद्धा ऐकवायची. मला पाठ झालंय सगळं. बाई ऑफिसात ऑडिटर आहे, पण याचा पुरावा तिने कधी मागितला नाही.

परवा मी तिच्याकडे चहाला गेले, तेव्हा ईशानी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "मॉम, रिब्जचं ते मिथ आहे. मोस्ट विमेन वोअर इट फॉर सपोर्ट. दे वर्क्ड इन इट ऑल डे."

"सपोर्ट म्हणे! आवळून घेण्यात कसला आलाय सपोर्ट?" कणीक मळता मळता अनुराधा तावातावाने वळली आणि कळवळून ओट्याला टेकली. खुर्चीत बसून बसून तिची कंबर धरलेली असते. डॉक्टरांनी दिलेला, आत स्टीलच्या पट्ट्या असलेला कमरेचा पट्टा ती रोज बांधते. तो सैल झाला होता आणि हात कणकेने भरलेले होते.

"ईशू, मागून ओढ गं. अजून. अजून घट्ट!"

ईशानीने ओढला आणि तशीच थांबली. "मॉम, यू नो व्हॉट धिस इज, राइट?"

"पट्टा आहे!" अनुराधा माझ्याकडे बघायला लागली, जणू निकाल मीच देणार होते.

"इज इट हर्टिंग?" ईशानीने हळूच विचारलं.

"नाही गं," अनुराधा गोंधळून म्हणाली, "सोडला की दुखतं."