हौजीवाल्या क्लिफर्डचा नवा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये क्लिफर्ड हेपवर्थचा आवाज गेला, तेव्हा इंग्लंडमधल्या बार्न्सलीजवळच्या खाणकामगारांच्या क्लबात सगळे हळहळले. उभी हयात त्यानं तिथं हौजीचे आकडे पुकारले होते. आता घरी बसून स्वेटर विणणार होय तो? त्यानं पाटीवर लिहून बायकोला, मेव्हिसला, दाखवलं, "टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आणू. तो बोलतो."

"तुझ्यापेक्षा कमी बोलत असेल तर आण," मेव्हिस म्हणाली, आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

बोलण्याचा प्रोग्रॅम कॅसेटवर होता. तो टेपरेकॉर्डरमधून कॉम्प्युटरमध्ये उतरेपर्यंत चहा गार व्हायचा, आणि एवढं करून ते मेलं बोलायचं डब्यात तोंड घातल्यासारखं! तरी क्लिफर्डनं एकूण एक आकडा टोपणनावासकट त्यात भरला. आकडे काढायचं कामही कॉम्प्युटरच्याच गळ्यात घातलं. क्लबचे सेक्रेटरी सायक्स म्हणाले, "शनिवारी जमलं तर उत्तम. नाहीतर शेजारच्या गावचा माणूस कायमचा ठेवतो, बाबा. माझा नाइलाज आहे."

शनिवारी यंत्र सुरू झालं. "दोन जाड्या बाया, अठ्ठ्याऐंशी." पाठोपाठ, "दोन तंगड्या, अकरा." आता अकरा आला की अख्ख्या क्लबानं शिट्टी मारायची, हा तिथला रिवाज. पण ओठांचा चंबू होतोय तोवर यंत्र पुढचा आकडा सांगून मोकळं!

"अगं बाई, मढं उचलायलासुद्धा एवढी घाई नसते!" म्हातारी नेली ओल्डरॉइड कडाडली. लोक पेन्सिली टाकून बारकडे निघाले. सायक्स घड्याळ बघायला लागले.

चूक क्लिफर्डला कळली. इतकी वर्षं लोक आकडा ऐकायला थोडेच येत होते? त्यानं तिथल्या तिथं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: आपण बटण दाबल्याशिवाय यंत्रानं तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या डावात "दोन तंगड्या, अकरा" आला आणि क्लिफर्डनं बोट वरच धरलं. भुवई उडवून सभागृहाकडे बघितलं. शिट्टी अशी वाजली की बारवरचे ग्लास थरथरले. ती विरली तरी त्याचं बोट खाली येईना.

"मेल्या क्लिफर्ड, दाब की लवकर!" नेली किंचाळली. "माझा एकच आकडा राहिलाय! ऑपरेशन झालं तरी तुझा छळवाद काही जात नाही!"

"शेजारच्या गावच्याला नको म्हणून कळवतो," सायक्स मेव्हिसच्या कानात म्हणाले. तिनं मान डोलावली.

क्लिफर्डनं नेलीकडे बघत बिअरचा ग्लास उचलला, सावकाश एक घोट घेतला, मिशी पुसली, आणि मगच बटण दाबलं.