अकरा वेळा तीच ओळ

हे नवऱ्याला ठाऊक नाही. सासूबाईंना तर नाहीच नाही. बहिणीशी मी रोज फोनवर बोलते, पोळी करपली तरी तिला कळतं — तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायला मी नऊ वर्षांत धजले नाही, एवढं खरं.

आधी तिच्याबद्दल सांगते. स्वतःबद्दल बोलायचं टाळते आहे असं वाटेल — टाळतेच आहे.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये, आमच्या डोक्यावरच्या घरात अर्लीन राहायची. सत्तरी ओलांडलेली, उंच, काळी, हसली की जिना भरून टाकणारी बाई. अमेरिकेच्या दक्षिणेतून सैनिक नवऱ्याबरोबर इथे आली. नवरा परत गेला, ती राहिली. पहिल्याच भेटीत तिने मला सांगून टाकलं की फ्राऊ-बिऊ, म्हणजे बाई-बिई नको, नावाने हाक मार. म्हणून आईच्या वयाच्या बाईला मी इथेही ‘ती’च म्हणते आहे.

तरुणपणी ती श्टुटगार्टच्या आसपास सैनिकांच्या क्लबांमधून गायची. सोल. मला हा प्रकार काय असतो तेही माहीत नव्हतं. चर्चमधल्या भजनाचा आर्त सूर घ्यायचा आणि त्यात स्वतःच्या घरातलं गायचं — कुणी सोडून गेलं ते, कुणी परत आलं ते. गाणी ती स्वतः लिहायची, चालीही तिच्याच. एक छोटी तबकडी निघाली, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. मग एक मोठी निघाली आणि लगेच कंपनीच बुडाली. तबकड्यांची खोकी कुठल्याशा तळघरात भिजून गेली. पुढे पंचवीस वर्षं अर्लीनने एका कारखान्याच्या कांटीनमध्ये सूप वाढलं. तिच्यासमोर ट्रे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांपैकी किती जणांना कल्पना असेल?

निवृत्त झाल्यावर तिने पुन्हा सुरू केलं. घरात एक पियानो, एक मायक्रोफोन, एक जुनं टेपयंत्र. सात गाणी करायची, बस. सात झाली की माझं म्हणणं संपलं, असं ती म्हणायची.

ती रेकॉर्डिंग करायची दुपारी एक ते तीन. जर्मन इमारतींमध्ये ही वेळ मिट्टाग्सरुहची, म्हणजे दुपारच्या शांततेची. कुणी भिंतीत ड्रिल घालत नाही, मुलं अंगणात ओरडत नाहीत. टेपवर दुसरा आवाज येऊ नये म्हणून याहून चांगली वेळ सापडणार नाही. आणि आमच्या इमारतीच्या नियमांत गाण्याबजावण्याला मनाई होती तीही नेमकी याच वेळी. सगळ्यांना माहीत होतं, कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तळमजल्यावरचे म्हातारे हेर क्राउस — हेर म्हणजे इथलं ‘श्रीयुत’ — तर त्या वेळी खिडकी उघडून खुर्ची टाकून बसायचे. दर शनिवारी तिच्या पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट वर नेऊन द्यायचेही तेच.

मग माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या.

सासूबाईंना जेवताना ताजी चटणी लागते. आमच्याकडे जेवणं दीड वाजता. म्हणजे सव्वा वाजता मिक्सर. पहिल्या आठवड्यातच इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीचं, हाउसफरवाल्टुंगचं, पत्र सगळ्यांच्या पेटीत पडलं. दुपारच्या शांततेत यंत्राचा आणि इतर आवाज येत असल्याची तक्रार आहे, संबंधितांनी दखल घ्यावी. यंत्राचा आवाज! इमारतीत दुसरं कोण दुपारी यंत्र चालवत होतं?

तेव्हा आमचा कायमस्वरूपी वास्तव्याचा अर्ज कचेरीत पडलेला होता. पेटीत सरकारी दिसणारा लिफाफा दिसला की मी तो जिन्यातच उघडून वाचायचे. माझ्या डोक्याने काय घेतलं, तर ही तक्रार आमच्या नावावर लागणार, तिथून परदेशी लोकांच्या कार्यालयात जाणार आणि अर्ज फेटाळला जाणार. आज सांगतानाही लाज वाटते. या दोन कचेऱ्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. कुणालाही विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे मिक्सर आमचा हे कबूल करायचं!

आणि सासूबाईंना सांगायला काय झालं होतं? आई, एक ते तीन मिक्सर नको — एवढंच ना? पण त्याच आठवड्यात मी त्यांना कचऱ्याच्या चार डब्यांवरून बोलले होते, रविवारी कपडे धुण्यावरून बोलले होते, जिन्यात मोठ्याने बोलू नका म्हणून बोलले होते. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, “अगं, तुमच्याकडे शिंक आली तर ती तरी विचारून द्यायची का?” पुन्हा एक नियम घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत मला झाली नाही.

मी कंपनीत फोन केला. पलीकडे एक बाई होती, अगदी सभ्य. आवाज आमचा नाही, असं मी सांगितलं. मग कुणाचा? या प्रश्नापाशी मी थांबू शकले असते — माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, आमच्या वर एक बाई गातात.

“रोज?”

“जा. गेनाऊ.” हो, अगदी बरोबर, असं मी म्हणाले.

त्यांनी मला एक कोरा तक्ता पाठवला. त्याला लेर्मप्रोटोकोल म्हणतात — आवाजाची नोंद. तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार, किती वेळ चालला. चौदा दिवस भरून द्या, नाव गुप्त राहील. तो तक्ता मी फाडून टाकू शकत होते. कुणी माझा हात धरला नव्हता.

मी भरला. आणि असातसा भरला नाही. मी टेस्ट इंजिनियर, नोंदी ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्या दिवसांत मी घरूनच काम करत होते, घड्याळ समोर होतं. ‘एक वाजून दहा ते दोन वीस, स्त्रीचा आवाज, पियानोसह.’ ‘एक पाच ते दोन चाळीस, तेच गाणं, मध्ये दोन वेळा थांबून.’ सातवं गाणं तिने त्याच पंधरवड्यात धरलं होतं. एके दुपारी ती एका ओळीशी अडली. म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. मी खाली बसून मोजत होते. अकराव्या वेळी ती ओळ अशी लागली की माझं पेन हातात तसंच राहिलं. मग मी लिहिलं — ‘एकच ओळ, अकरा वेळा.’

अजून एक सांगायला हवं, नाहीतर ही कबुली अर्धीच राहील. दुसऱ्या आठवड्यात मिक्सर बंदच झाला होता. सासूबाईंनी आपणहून चटणी सकाळी वाटायला सुरुवात केली होती, कारण दुपारी त्यांना बाल्कनीत बसून वरचं गाणं ऐकायचं असायचं. एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. “काय जीव ओतून गातात गं त्या बाई,” असं म्हणायच्या. म्हणजे ज्या भीतीपायी मी हे सुरू केलं ती भीती संपली होती. तरी मी चौदाही दिवस भरले आणि तक्ता पोस्टात टाकला. का? याचं उत्तर मी खूप शोधलं. सुरू केलेलं काम पुरं करायची सवय — एवढंच सापडतं.

महिन्याभराने अर्लीन जिन्यात भेटली. हातात आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद. पुन्हा तक्रार आली तर घर सोडावं लागेल, असं त्यात होतं. ताकिदीला ती फारशी घाबरली नव्हती. इतर वेळीही गाता येतं, असं मीच तिला म्हणाले — बघा, किती समजूतदार मी! तिने मान हलवली. कुणीतरी बसून मोजलंय, हनी, ती म्हणाली. अकरा वेळा, असं लिहिलंय. मी चुकत होते तेव्हा कुणीतरी मोजत होतं. आता तोंड उघडलं की मला तो माणूस दिसतो.

तिला तो माणूस हेर क्राउस वाटला, कारण रोज खिडकी उघडी ठेवून ऐकत बसणारे तेच. तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं, पाण्याचा क्रेट एकेक बाटली करून स्वतः वर न्यायला लागली. त्यांना काय झालं ते कळेना. त्यांनी मला एकदा विचारलंही. मी खांदे उडवले. दोन वर्षांनी ते गेले, तोवर त्या दोघांमध्ये एका शब्दाचंही बोलणं झालेलं नव्हतं.

सातवं गाणं अर्धंच राहिलं. परत जायच्या आधी सासूबाईंनी दोनदा विचारलं, वरच्या बाई गात नाहीत हल्ली, आजारी आहेत का? मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या हाती तिच्यासाठी लिंबाचं लोणचं पाठवलं. मी ते नेऊन दिलं, आणि तिने मला मिठी मारली.

पुढे तिचे गुडघे गेले आणि ती वृद्धांच्या सेवागृहात राहायला गेली. मी जात राहिले, दर पंधरा दिवसांनी. लोक मला चांगली म्हणायचे. नवरा अजूनही म्हणतो.

मग दोन वर्षांपूर्वी एका छोट्या रेकॉर्ड कंपनीची बाई आली. जुन्या, विसरलेल्या गायकांना शोधून काढणं हेच तिचं काम. तिने अर्लीनच्या टेप ऐकल्या होत्या, सहा पुरी गाणी आणि एक अर्धं, आणि ती अक्षरशः वेडी झाली होती. अशी बाई कांटीनमध्ये सूप वाढत होती आणि कुणाला पत्ता नव्हता, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या गाण्यांची ती तबकडी काढत होती, आणि तबकडीबरोबरच्या पुस्तिकेसाठी शेजाऱ्यांना भेटत होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने विचारलं, सातवं का थांबलं? अर्लीन ताकिदीबद्दल तिला काही बोलली नव्हती, बहुतेक शरमेने. ती फक्त म्हणाली होती, राहून गेलं. इमारतीच्या कंपनीच्या कागदांत कुठेतरी तो तक्ता असेल आणि ही बाई तो खणून काढेल, असं मला वाटलं. मी म्हणाले, शेवटी शेवटी तिचा आवाज राहिला नव्हता.

ते छापून आलं. ‘शेजाऱ्यांच्या आठवणीनुसार, अखेरीस आवाजाने तिची साथ सोडली.’ ज्यांनी परीक्षणं लिहिली त्यांनी तेच उचललं. सहाव्या गाण्यात म्हणे थकलेल्या गळ्याची चाहूल लागते. कसली चाहूल? सहावं गाणं तिच्या सगळ्या गाण्यांत उत्तम आहे. पण सांगितलं की लोकांना ऐकू येतं.

मी सेवागृहात गेले तेव्हा ती पुस्तिका तिच्या मांडीवर होती. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, “तू खालीच राहायचीस. तू रोज ऐकायचीस. खरं सांग, हनी — गेला होता का माझा आवाज? म्हणून लोकांना त्रास होत होता का?”

एक शब्द पुरला असता. नाही. फक्त नाही म्हणायचं होतं. पण मग तिने पुढे विचारलं असतं, असं छापायला का सांगितलंस?

“थोडा,” मी म्हणाले. “थोडा गेला होता.”

तिने माझा हात थोपटला. इतक्या वर्षांत खरं सांगणारी तू एकटीच, असं म्हणाली.

त्यानंतर दोन-तीन भेटींनी तिथली एक नर्स मला दारापर्यंत सोडायला आली. सहज बोलता बोलता म्हणाली, फ्राऊ अर्लीन रोज आंघोळीच्या वेळी गायच्या, सगळा मजला ऐकायचा. आल्झो, म्हणजे बघा, आता महिना झाला, अजिबात गात नाहीत. विचारलं तर नुसत्या हसतात. तुम्ही त्यांच्या जवळच्या, तुम्हाला काही माहीत आहे का?

मी म्हणाले, वय झालं आता त्यांचं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. त्या महिन्यानंतरही ती पुन्हा कधीच गायली नाही, असं नर्सने मला फोनवर सांगितलं.