मागल्या दाराची वाट

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांइतका स्वतःच्या घराला ओळखणारा माणूस उभ्या नाशकात झाला नाही, आणि देवाची कृपा असेल तर पुन्हा होणारही नाही. पंचवटीत त्यांची उपाध्येपणाची वृत्ती होती. चौतीस-पस्तीसच्या त्या काळात यजमान मंडळी नाशिक रोडला उतरून, टांग्यात हाडं खिळखिळी करून घेत त्यांच्या दारात येत. त्यांना हवं असे गूळपाणी आणि अंग टाकायला जागा. मामा त्यांना आधी घर हिंडवत. ओटीपासून माजघर नऊ पावलं, जिन्याची चौथी पायरी आखूड, माडीची कडी उचलून मग डावीकडे सरकवायची, आणि आग लागो की चोर शिरो, स्वयंपाकघरातल्या मागल्या दाराने बाहेर पडायचं. एवढं सांगून भागत नसे. ते प्रत्येकाला डोळे मिटून चालायला लावत. एक पेन्शनर फौजदार वैतागून म्हणाले, "मी काय चोरी करायला आलोय तुमच्याकडे?" मामा शांतपणे म्हणाले, "चोराला वाट ठाऊक असते, फौजदारसाहेब. पाहुण्याला नसते." मी तर घरचा जावई. पहिल्या भेटीत मला चार वेळा फिरवलं, आणि पुढेही दर खेपेला उजळणी झालीच. माझे पाय त्या घरात आपोआप मोजून पडत. मी अगदी टेकीला आलो होतो.

त्यात मामा सोवळ्याचे कडक. मामी आमच्या लग्नाआधीच वारल्या होत्या, तेव्हापासून चूल त्यांच्याच हाती. एरवी चुलीजवळ मांजर फिरकलं तरी त्यांचा जीव वरखाली होई. पण मागलं दार नेमकं चुलीपलीकडे, म्हणून गावोगावच्या सगळ्या गोतावळ्याला ते सोवळ्यातून नेत. मग चूल सारवायची, गोदावरीत बुडी मारायची आणि ओलेत्याने पुन्हा स्वयंपाकाला लागायचं. यजमानांच्या तीन तुकड्या आल्या की तीन बुड्या. माघाच्या थंडीत त्यांची छाती घरघरू लागली. असंच चाललं तर हा हिवाळा निघायचा नाही, असं वैद्यांनी स्पष्ट सांगितलं. बायकोने मला पिटाळलं, "तुमचं ऐकतील ते. घर दाखवणं बंद करा म्हणावं."

मी गेलो तेव्हा शेवगावकडचं एक कुटुंब नुकतंच उतरलं होतं. बाकीचे निमूटपणे हिंडून आले. तान्हं मूल घेतलेली सून मात्र माजघरात भिंतीला टेकली. "म्या नाय हिंडत, बाबा. लय दमले. आधी जरा पडू द्या," म्हणाली, आणि बोलता बोलता झोपलीसुद्धा. आता मामा तिला उठवणार, म्हणून मी कपाळाला हात लावला. पण ते नदीवर जाऊन आले, आणि चूल न पेटवता, कुडकुडत मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसले.

मी सुरुवात केली, "मामा, वैद्य म्हणत होते..."

"तुमची मामी माहेरी गेली होती, तेव्हा हे दार मी इथे काढलं," ते म्हणाले. "जुनं त्या कोपऱ्यात होतं, ते बुजवलं. परत आली त्या दिवशी दाखवणार होतो. पण दमून आली होती. म्हटलं, जरा पडू द्यावं. चुलीवर भात ठेवून मी घाटावर गेलो. मागे सरपणाने पेट घेतला. ती धुरातून जुन्या दाराकडे गेली, जावईबापू. भिंतीशी सापडली."

ती पोर दिवेलागणीला जागी झाली. तोवर मामा उंबऱ्यावरून हलले नाहीत, आणि वैद्यांचं म्हणणं मीही पुन्हा काढलं नाही. मग त्यांनी तिला मुलासकट डोळे मिटून मागल्या दारापर्यंत नेलं, चूल सारवली आणि खोकत पुन्हा नदीची वाट धरली.

"सांगितलंत ना?" घरी बायकोने विचारलं. मी हो म्हणालो.

होळीच्या आधीच मामा गेले. त्या दिवशी मी त्यांना अडवायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही.